दुसरं कोण असणार?

फाइलला नाव देण्याची वेळ आली की भली भली हुशार माणसं एकदम गरीब होतात. चक्रवाढ व्याजाचं गणित चार ओळींत बसवणारा, कर्जखात्याचे सगळे नियम आणि त्या नियमांना संचालकांनी पाडलेल्या पळवाटा तोंडपाठ असणारा प्रोग्रामर मधल्या कच्च्या कामासाठी एक फाइल लागली की तिला ‘टेंप’ म्हणतो. दुसरी लागली की ‘टेंप१’. तिसरी ‘एबीसी’. चौथीच्या वेळी रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, म्हणून ‘एएएए’. पाचवीचं नाव चारचौघांत घेण्यासारखं नसतं. ते पुढे काही वर्षांनी नेमकं ऑडिटरसमोर पडद्यावर येतं.

ही फाइल लागते कशाला? थकबाकीदारांची यादी हवी असं कोणी म्हटलं की प्रोग्राम कर्जाच्या फाइलीतून थकलेली खाती वेचतो, सभासदांच्या फाइलीतून त्यांची नावं आणून जोडतो, गावाप्रमाणे लावतो, बेरजा मारतो आणि छापतो. हे सगळं मध्ये कुठेतरी मांडावं लागतं. ते मांडायची जागा म्हणजे टेंप फाइल. छपाई झाली की ती पुसून टाकायची. आयुष्य दोन-तीन सेकंदांचं, पण नावाशिवाय डिस्कवर प्रवेश नाही. आणि नाव असं हवं की त्या क्षणी त्या फोल्डरमध्ये ते दुसऱ्या कोणाचं नसेल. अट एवढीच. या एवढ्याशा अटीनं जगभरच्या प्रोग्रामरांच्या पिढ्या घायकुतीला आल्या आहेत.

‘टेंप’ हे नाव प्रोग्रामरच्या घरी उत्तम चालतं. तिथे तो एकटा, मशीन एक, आणि चहा आणून देणारी आई. ‘टेंप’ आधीच असेल तर? छे, दुसरं कोण असणार? अनोख्या नावांच्या सगळ्या शास्त्राचा पाया हा प्रश्न आहे, आणि तो आजवर कोणी उत्तराची वाट पाहून विचारलेला नाही.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गावोगावचा हिशेब कॉम्प्युटरवर चढला तो मोठ्या प्रमाणावर फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या खांद्यावरून. या घराण्याचा मूळपुरुष कॅलिफोर्नियातला. वेन रॅटलिफ यांनी १९७८च्या सुमाराला फुटबॉलच्या पैजेचा हिशेब ठेवायला एक प्रोग्राम लिहायला घेतला, त्याचा पुढे डीबेस झाला. डीबेसच्या वाटेवर ओहायोतल्या पेरिसबर्ग गावी फॉक्सप्रो जन्मलं. १९९२ साली मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी कंपनीच विकत घेतली. आणि मग ते साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्थांत येऊन पोचलं. पैजेच्या हिशेबासाठी निघालेली विद्या पतसंस्थेत स्थिरावली, यात कोणालाच काही विसंगत वाटलं नाही.

तालुक्याच्या गावातली अशी एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. सर्व्हर साहेबांच्या केबिनमध्ये, कारण एसी तिथेच. बाहेर त्याला जोडलेली चार मशीनं, म्हणजे नोड. एकावर ठेवीच्या ताई, एकावर कर्जाचे भाऊसाहेब, एकावर रोखपाल, आणि चौथा बंद, कारण त्याचा माउस रोखपालाला दिलेला. ताई मोठ्या ठेवीदारांची यादी काढतात. भाऊसाहेब त्याच वेळी थकबाकीची काढतात. दोघांचा प्रोग्राम एकाच माणसानं लिहिलेला, त्यामुळे दोन्हीकडे फाइलचं नाव ‘टेंप’, आणि दोन्ही सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये.

नशीब बरं असेल तर पडद्यावर ‘फाइल इज इन यूज’ येतं आणि भाऊसाहेब चहाला जातात. नशीब वाईट असेल तर काहीच येत नाही. भाऊसाहेबांची टेंप तयार होऊन मिटते, रिपोर्ट ती पुन्हा उघडणार एवढ्यात ताईंची टेंप तिच्या जागी येऊन बसते. रकाने तेच: खाते क्रमांक, नाव, रक्कम. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करत वर ठळक अक्षरांत ‘थकबाकीदारांची यादी’ छापतो आणि खाली पहिलंच नाव चेअरमनसाहेबांच्या सासूबाईंचं. रक्कम त्यांच्या मुदत ठेवीची. नोटीस टाइप होऊन सहीला जाईपर्यंत कोणाला काही खटकत नाही, कारण कॉम्प्युटरमधून छापून आलेल्या यादीवर संशय घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

खरं तर फॉक्सप्रो स्वभावानं सावध होतं. ‘या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का?’ असं ते स्वतःहून विचारायचं. पण क्लार्क मंडळी घाबरून फोन करायची, म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर पहिल्या चार-पाच ओळींत एक ओळ ठरलेली असे: सेट सेफ्टी ऑफ. घराला कुलूप लावायचा कंटाळा येतो म्हणून दारच काढून ठेवणारी माणसं कमी. पण ही ओळ मात्र प्रत्येक जण एकमेकांचं पाहून, अर्थ न विचारता लिहायचा.

सासूबाईंच्या प्रकरणानंतर मॅनेजरसाहेबांनी आदेश काढला. एका वेळी एकानंच रिपोर्ट काढायचा, आणि काढण्याआधी मोठ्यानं विचारायचं. तेव्हापासून दिवसभर हाका. “कोणी रिपोर्ट काढतंय का?” उत्तर आलं नाही की बटण दाबायचं. व्यवस्था वाईट नव्हती. फक्त दोघांनी एकाच क्षणी विचारलं तर दोघंही उत्तर ऐकायला थांबत, दोघांनाही शांतता ऐकू येई, आणि दोघंही बटण दाबत.

मग जिल्ह्याच्या गावाहून प्रोग्रामर येतो. “सगळ्यांनी बाहेर या, रिइंडेक्स मारतोय,” असं म्हणून तो सगळा कारभार तासभर थांबवतो. हा त्याच्या मंत्रसामर्थ्याचा भाग. नावाचा याच्याशी काही संबंध नसतो. त्यानंतर तो मूळ दुखण्याला हात घालतो. नावात माणसाची आद्याक्षरं घालू या, म्हणजे प्रत्येकाची टेंप वेगळी. कल्पना ठीक, पण पतसंस्था कोल्हापूर जिल्ह्यातली. एस. बी. पाटील भाऊसाहेब, एस. बी. पाटील रोखपाल, आणि साहेबसुद्धा पाटीलच, एस. बी. तिघांचा एकमेकांशी नातेसंबंध नाही, हे ते तिघंही वेगवेगळं सांगतात. डॉसच्या जमान्यात नाव आठच अक्षरांचं, पुढे टिंब आणि तीन अक्षरांचं शेपूट. त्यात ‘टेंप’ची चार गेली, आद्याक्षरांची तीन गेली, उरलेल्या एका अक्षरात तीन पाटील वेगळे करायचे होते.

म्हणून माणसांचा नाद सोडून प्रोग्रामर घड्याळाकडे वळतो. वेळ कोणासाठी थांबत नाही, म्हणजे ती पुन्हा येत नाही, म्हणजे तीच अनोखी. तास, मिनिटं, सेकंद एकापुढे एक लिहा, झालं नाव. फॉक्सप्रोनंच अशी सोय दिली होती: सिस(३). कंसातला आकडा टाकायचा की घड्याळावरून आठ अक्षरी नाव हातात. पण तिच्याच मदतीच्या पानावर खाली एक टीप होती: वेगवान संगणकावर ही लागोपाठ वापरली तर तेच नाव पुन्हा येऊ शकतं. एरवी कोणत्याही दुखण्यावर नवा कॉम्प्युटर घ्या हा उतारा असतो. इथे नवा कॉम्प्युटर घेतल्यावर दुखणं सुरू व्हायचं, आणि विक्रेत्याला हे पटवून देणं केवळ अशक्य.

त्या टिपेतच उपायही होता: सिस(२०१५) वापरा. हिचं मूळ काम प्रोसिजरला नाव पुरवायचं. दहा अक्षरं, पहिली अधोरेखा, पुढे अक्षरं नि आकडे यांची खिचडी. एकाच मिलिसेकंदात दोनदा मागितलं तरी दोन वेगळी नावं देणारी. फाइलसाठी मात्र दहा अक्षरं जास्त, म्हणून तिसऱ्या अक्षरापासून पुढची आठ घ्यायची, असा सरकारी शिक्का असलेला सल्ला. दोन अक्षरं कापल्यावर नाव तेवढंच अनोखं राहतं का, असं कोणी विचारलं नाही. सगळे वापरत होते, म्हणून सगळे वापरत होते.

आता हे मिलिसेकंद ज्या त्या मशीनच्या घड्याळाचे. एका मशीनला दुसऱ्याचं काय चाललंय याचा पत्ता नाही. दोन नोडांनी एकाच मिलिसेकंदाला नाव मागितलं तर? छे, दुसरं कोण असणार, एवढ्या बारीक क्षणाला! वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस हे खरंच असतं. पण ३१ मार्च नावाचा दिवस आपल्याकडे अजून रद्द झालेला नाही. त्या दिवशी साऱ्या देशाला एकच काम एकाच वेळी आठवतं. तेरीज, नफा-तोटा, तरतुदी, व्याजाची नोंद, साहेब केबिनमधून ओरडतात, “काढा आता!” आणि चारही नोडांवर चार बोटं एका तालात पडतात. चौथा नोडही त्या दिवशी चालू असतो, माउसविना.

घड्याळाची आणखी एक गंमत. मशीनच्या आतली बारीकशी बॅटरी संपली की वीज बंद होताच घड्याळ स्मृती गमावायचं. डॉसच्या पंचांगाचा आरंभच मुळी १ जानेवारी १९८०, मंगळवार. सकाळी मशीन चालू केलं की ते तारीख विचारायचं. भाऊसाहेब एंटर मारत. वेळ विचारायचं, पुन्हा एंटर. ते मशीन रोज सकाळी १९८० सालच्या त्याच मंगळवारच्या मध्यरात्री जागं व्हायचं. मशीन सुरू झाल्यापासून पहिला रिपोर्ट निघेपर्यंत भाऊसाहेबांना रोज जवळपास सारखाच वेळ लागायचा, नियमित माणूस. म्हणजे काल शून्य वाजून अकरा मिनिटांनी जन्मलेल्या टेंपचं नाव आजही त्याच मुहूर्तावर पुन्हा निघू शकायचं.

आता कालची टेंप पुसली असती तर प्रश्न नव्हता. पण काल मध्येच लाईट गेली. प्रोग्राम मेला, की त्याच्या मागे त्याच्या टेंप फाइली अनाथ उरत. वर्षभरानं फोल्डर उघडावं तर शेकडो: काही रिकाम्या, काहींत अर्धी यादी, एकीत नुसतं ‘श्री.’ त्यातली कुठली मेलेली आणि कुठली आत्ता रोखपाल वापरतोय हे नावावरून कळायचा मार्ग नाही. म्हणून पुसायला कोणाचा हात धजत नाही.

हा सगळा आपल्याकडच्या गबाळेपणाचा परिणाम असं वाटत असेल तर थोडं बाहेर डोकावू. युनिक्ससारखी प्रतिष्ठित, बेल लॅब्जच्या प्रयोगशाळेतून आलेली सिस्टीम. तिथे ‘एमकेटेंप’ नावाची सोय आहे. तुम्ही नावाच्या शेवटी सहा एक्स लिहून द्यायचे, ती त्या जागी काहीतरी अनोखं भरून देते. जुन्या काही आवृत्त्यांत ते अनोखं म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक आणि एक अक्षर. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, म्हणून एका प्रोग्रामला जास्तीत जास्त सव्वीस नावं. हिच्या माहितीचं पान आजही मिळतं. त्यात ती कशी वापरायची, काय द्यायचं, काय परत येतं, सगळं निगुतीनं सांगितलंय. आणि शेवटी एक सूचना, की ही कधीही वापरू नका.

विंडोजची तऱ्हा वेगळी. तिथे नावाची सुरुवात म्हणून तीन अक्षरं तुमची, पुढे सोळा-बिटी आकडा तिचा. एकूण नावं ६५,५३५. एवढी कोण वापरणार? कोणी वापरतही नाही, फक्त पुसत नाही. मग वर्षानुवर्षं सुखानं चाललेला प्रोग्राम एका सकाळी फाइल करायला नकार देतो, कारण फोल्डरमध्ये साऱ्या नावांवर कोणी ना कोणी ठाण मांडून आहे. “काल संध्याकाळपर्यंत चालत होतं” हे ग्राहकाचं वाक्य अशा वेळी शब्दशः खरं असतं, आणि म्हणूनच त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या सगळ्यांत खरी मेख नाव शोधण्यात नाही. ती विचारणं आणि बसणं यांच्यामधल्या फटीत आहे. एसटी स्टँडावर सणाच्या आदल्या दिवशी गाडी लागते. सभ्य गृहस्थ दाराशी जाऊन विचारतात, “जागा आहे का?” आतून कोणी म्हणतं, “आहे.” गृहस्थ पिशवी सावरत पायरी चढतात, तोवर खिडकीतून एक रुमाल आत पडतो आणि जागा गेलेली असते. गृहस्थांना मिळालेलं उत्तर खोटं नव्हतं. फक्त शिळं होतं. प्रोग्रामही असाच दाराशी विचारतो, ‘या नावाची फाइल आहे का?’ नाही म्हटल्यावर करायला जातो, तोवर दुसरा येऊन गेला. शहाणी पद्धत रुमालाची. विचारायचंच नाही. ‘नसेल तर तयार कर, असेल तर नाही म्हण,’ असा एकच हुकूम सोडायचा, आणि पाहणं व बसणं हे एकच काम करून टाकायचं. युनिक्समध्ये फाइल उघडताना असा हुकूम देता येतो. ‘एमकेटेंप’ची धाकटी बहीण ‘एमकेएसटेंप’ हेच करते: नाव हातात देतानाच फाइल उघडून देते. सर्वांच्या वापरातल्या ‘टीएमपी’ फोल्डरला तर असा नियमच लावलेला असतो, की रुमाल कोणीही टाकावा, पण दुसऱ्याचा उचलू नये.

तरी काहींचं समाधान होत नाही. त्यांना असं नाव हवं असतं की विचारायची गरजच पडू नये. या फोल्डरमध्येच काय, त्रिखंडात दुसरं नको. त्यांच्यासाठी यूयूआयडी. १२८ बिट, म्हणजे कागदावर छत्तीस अक्षरं, मधल्या चार आडव्या रेघा धरून. पहिल्या तऱ्हेत दोन गोष्टी एकत्र केल्या: नेटवर्क कार्डाचा कारखान्यात छापलेला क्रमांक आणि वेळ. वेळ मोजायची ती एका सेकंदाच्या कोट्यंशापर्यंत. आणि सुरुवात १५ ऑक्टोबर १५८२पासून, कारण त्या दिवशी ग्रेगरी पोपचं सुधारित कॅलेंडर सुरू झालं. एका थकबाकीच्या यादीसाठी थेट पोपपासून हिशेब! घड्याळ मागे गेलं तर काय, याचीही चिंता केलेली आहे. त्यासाठी चौदा बिट राखीव. भाऊसाहेबांच्या बॅटरीची दखल शेवटी जागतिक पातळीवर घेतली गेली म्हणायची.

यातली गोम अशी, की नावात कार्डाचा क्रमांक म्हणजे नावात मालकाचा पत्ता. १९९९ साली मेलिसा व्हायरस वर्डच्या कागदांतून पसरला, तेव्हा कागदात दडलेल्या अशाच ओळखक्रमांकाचा तपासात माग काढला गेला. मग लोकांनी चौथी तऱ्हा धरली. माणूस नको, घड्याळ नको, कार्डही नको. १२२ बिट सरळ दैवावर सोडायचे. हा जुगार वाटेल, पण आकडे धीर देणारे आहेत. दर सेकंदाला एक अब्ज नावं याप्रमाणे सुमारे ८५ वर्षं पाडत राहिलात, तर कुठे दोन नावं जुळण्याची शक्यता निम्म्यावर येते. एवढे थकबाकीदार कोणत्याही पतसंस्थेला परवडणार नाहीत.

पण छत्तीस अक्षरं रिपोर्टच्या रकान्यात मावत नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, “फार लांब दिसतंय हो,” आणि पहिली आठच ठेवतं. वर्गात तेवीस मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. त्याच गणितानं या कापलेल्या नावांची टक्कर होण्याची शक्यता साधारण ७७ हजार नावांतच निम्म्यावर येते. ८५ वर्षांची हमी रकान्याची रुंदी वाचवण्यासाठी अशी मोडीत निघते. आणि जो कापत नाही, पूर्ण छत्तीस अक्षरं ठेवतो, तोही त्यांच्या आधी ‘टेंप’ लिहायला विसरत नाही.

मोठ्या डेटाबेसांनी या साऱ्यावर कधीच तोड काढली आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबलच्या नावाआधी हॅशची खूण लावली की ते टेबल तुमच्यापुरतं. चारही नोडांनी एकच नाव दिलं तरी तो आतल्या आत प्रत्येकाला वेगळी शेपूट जोडतो. या शेपटीसाठी १२८ अक्षरांच्या मर्यादेतली बारा तो स्वतःकडे ठेवतो. पोस्टग्रेस प्रत्येकाच्या तात्पुरत्या टेबलांना स्वतंत्र खोली देतं. काम संपलं, जोडणी तुटली की टेबल आपोआप जातं. पुसायचं लक्षात ठेवायला नको. आणि सांगायची गोष्ट म्हणजे फॉक्सप्रोमध्येसुद्धा ‘कर्सर’ होता. तो ज्याचा त्याच्यापुरता, फाइलच्या नावाची कटकट डोक्याला नाही, बंद केला की गेला. ‘इन्टू टेबल’च्या जागी ‘इन्टू कर्सर’ लिहायचं, बस. पण कर्सर डिस्कवर दिसत नाही, आणि दिसत नाही त्यावर आपला विश्वास बसत नाही. टेंप फाइल कशी, रात्री घरी जाताना उघडून बघता येते.

बघता येते, म्हणूनच ती राहते. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ची. तिला मिळणारा कंपनीचा आधार जानेवारी २०१५मध्ये संपला. सिस(२०१५)शी हा आकडा जुळला, हा निव्वळ योगायोग. नावं जुळणं कसं टाळायचं हे सांगणाऱ्यालाच हे सुचावं! त्यानंतरही कित्येक कार्यालयांत ते प्रोग्राम ‘नवीन सॉफ्टवेअर येईपर्यंत’ चालत राहिले. शेवटी नवीन सॉफ्टवेअर येतं. पुण्याहून दोन तरुण मुलं जुना डेटा उचलायला येतात. त्यांच्या लॅपटॉपवर फाइलींची यादी सरकत असते, आणि एका नावापाशी थांबते: ‘टेंपनवा’.

“काका, ही काय फाइल आहे? काढून टाकू?”

भाऊसाहेब आता निवृत्तीला आलेले. ते चष्मा वर करतात. “ती असू द्या. ती काढली की लाभांश चुकतो.”

“पण आत आहे काय?”

“ते लिहिणाऱ्याला माहीत होतं. तो बँकेत लागला.”

मुलं एकमेकांकडे बघतात आणि नियमाप्रमाणे तीही नव्या डेटाबेसमध्ये नेतात. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला आता छत्तीस अक्षरांची स्वतंत्र यूयूआयडी आहे, त्रिखंडात दुसरी न सापडणारी. टेबलाचं नाव ‘टेंपनवा’, रोज रात्री बॅकअप, आणि त्या बॅकअपची एक प्रत मुंबईला.